अमरावतीत अक्षरे किती?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रोडगे आणि वांग्याची भाजी पोटात गेल्यावर डेटाबेसवरचे भाषण ऐकायला बसणे म्हणजे परीक्षाच. संयोजकांनी मला बजावलेच होते, "तू पुण्याले इतके वर्षं काय करून रायला ते सांग, पन लोकायले झोप येऊ देऊ नको." म्हणून सुरुवात एका प्रश्नाने करतो. प्रश्न चौथीच्या पुस्तकातला आहे. 'अमरावती' या शब्दात अक्षरे किती?

(सभागृहातून उत्तर आले : "पाच!")

बरोबर. अ, म, रा, व, ती. आपल्या मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत. वृत्ताचा चरण फळ्यावर लिहून त्या आपल्याला बोटांवर अक्षरे मोजायला लावायच्या. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली की हातावर पट्टी बसायची. त्यामुळे आपल्या वर्गात कुणाचेही उत्तर चुकणार नाही.

हाच प्रश्न मी कॉम्प्युटरला विचारला. डेटाबेस म्हणजे माहितीचे कोठार. तुमचे बँकेचे खाते, सातबारा, मुलांचे गुण, गॅसचा नंबर, सगळे कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये असते. त्यात काम करायला तयार अवजारे दिलेली असतात, त्यांना फंक्शन म्हणतात. शब्दाची लांबी सांगणारे एक फंक्शन आहे, लेंग्थ नावाचे. मायएसक्यूएल या डेटाबेसला विचारले तर ते 'अमरावती'ची लांबी २१ सांगते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये याच नावाचे फंक्शन ७ सांगते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये हा शब्द एनव्हारचार नावाच्या प्रकारात ठेवला, तर एक फंक्शन ७ म्हणते आणि दुसरे १४. शब्द एक आणि उत्तरे चार : ५, ७, १४ आणि २१. गंमत म्हणजे चारही बरोबर आहेत.

ती कशी, ते बघू. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. त्यात 'रा' हे एक चिन्ह नाही. र वेगळा, काना वेगळा. 'ती'मध्ये त वेगळा, वेलांटी वेगळी. म्हणून पाच अक्षरांची चिन्हे झाली सात. ही चिन्हे साठवायला जागा लागते, तिचे माप बाइट. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून सात त्रिक एकवीस. एनव्हारचारमध्ये दोन-दोन बाइट लागतात, म्हणून सात दुणे चौदा. पाढे आपल्या काळचेच आहेत.

आता गणिताचे सर आठवा. उत्तर बरोबर असले तरी एकक लिहिले नाही म्हणून ते अर्धा गुण कापायचे. "पाच काय? पाच आंबे का पाच मीटर?" हे वाक्य आपण मधल्या सुट्टीत त्यांच्या नकलेसकट म्हणायचो. पुढे तीस वर्षे मी ज्या चुका दुरुस्त करत बसलो, त्यातल्या निम्म्या या एका वाक्यात होत्या. २१ काय? ७ काय?

फंक्शन काय करते हे सांगणारी एक पुस्तिका असते. तिला आम्ही डॉक्युमेंटेशन म्हणतो आणि पोथीसारखे मानतो. पोस्टग्रेसची पुस्तिका म्हणते, लेंग्थ हे फंक्शन कॅरेक्टरची संख्या देते. इंग्रजी शब्दकोशात कॅरेक्टर म्हणजे अक्षर. मराठी माणूस ते वाचतो, मनात 'अक्षर' म्हणतो आणि पाच गृहीत धरून पुढे जातो. पुस्तिका खोटे बोलत नाही. तिच्या लेखी कॅरेक्टर म्हणजे युनिकोडचे एक चिन्ह. बाईंचे अक्षर वेगळे आणि पुस्तिकेचे वेगळे, एवढेच.

याचा परिणाम बघा. कॉम्प्युटरला म्हटले, 'अमरावती'ची डावीकडून तीन अक्षरे दे. आपण 'अमरा' म्हणू. तो 'अमर' देतो. 'अकोला'ची पहिली दोन मागितली तर 'अको' न येता 'अक' येते. अमरावतीकर त्यात अमर होतात आणि अकोलेकरांच्या हाती अक उरते, यावर अकोल्याच्या मंडळींनी राग मानू नये. हे मी ठरवलेले नाही.

फंक्शनइतकेच महत्त्वाचे असते ते माहिती ठेवायचे भांडे. कोठीत ज्वारी राहते, बुधलीत तेल. डेटाबेसमध्येही असे भांड्यांचे प्रकार आहेत, त्यांना डेटा टाइप म्हणतात. ओरॅकल या डेटाबेसमध्ये नावासाठी ३० मापाचे भांडे केले आणि वेगळे काही सांगितले नाही, तर ते ३० म्हणजे बाइट धरले जातात. आता त्यात 'मूर्तिजापूर' घालून बघा. बाईंच्या हिशेबाने पाच अक्षरे : मू, र्ति, जा, पू, र. युनिकोडची चिन्हे अकरा. अकरा त्रिक तेहतीस. तिसाच्या भांड्यात पाच अक्षरांचे मूर्तिजापूर मावत नाही! ओरॅकल निदान ओरडून नकार देते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या व्हारचार भांड्यात देवनागरी घातली तर बहुतेक वेळा तक्रार येतच नाही. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. ती रांग तुमच्यापैकी अनेकांनी कुठल्या ना कुठल्या पावतीवर पाहिली असेल. त्याच डेटाबेसच्या पुस्तिकेत आता स्पष्ट लिहिले आहे की एनव्हारचारच्या कंसातला आकडा म्हणजे कॅरेक्टरची संख्या, हा गैरसमज आहे, तो आकडा बाइटच्या जोड्यांचा आहे. पुस्तिकेला एखादा गैरसमज नाव घेऊन खोडावा लागतो, तेव्हा तो किती जणांचा झाला असेल याची कल्पना करा.

आकड्यांचीही हीच कथा. मायएसक्यूएलमध्ये इंट नावाचे पूर्णांकाचे भांडे आहे. 'पूर्णांक' वाचून नवशिका माणूस त्यात मोबाईल नंबर ठेवतो. त्या भांड्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो, आणि आपले दहा आकडी मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून मायएसक्यूएल असा नंबर मूळच्या मांडणीत नाकारते. त्याआधी ते मुकाट्याने सगळ्यात मोठा आकडा लिहून मोकळे व्हायचे. सगळ्या गावाचा मोबाईल नंबर एकच : २१४७४८३६४७. अमरावतीचा ०७२१ आणि अकोल्याचा ०७२४ हे कोड आकडा म्हणून ठेवले की पुढचे शून्य गळते, हे तर एक्सेल वापरणारा प्रत्येक जण जाणतो. फोनचा कोड दिसतो आकड्यासारखा, पण त्याची बेरीज-वजाबाकी आपण कधी करत नाही. त्याला मजकूर म्हणूनच ठेवायला हवे.

इथपर्यंत गंमत होती. आता ज्याच्यासाठी मी हा विषय निवडला ते सांगतो.

माझी आत्या मूर्तिजापूर ते अकोला रस्त्यावरच्या एका खेड्यात राहते. काही वर्षांपूर्वी सोयाबीन पाण्यात गेले, त्या वर्षी मदतीच्या यादीत तिचे नाव आले. शेजारच्यांच्या खात्यात पैसे जमा झाले, तिच्या झाले नाहीत. ती एसटीने तीनदा कार्यालयात गेली. तिसऱ्या वेळी तिथल्या लिपिकाने स्क्रीन तिच्याकडे फिरवला. वर यादीतले नाव, खाली खात्यावरचे नाव आणि शेजारी लाल अक्षरांत शेरा : नाव जुळत नाही.

तिने मला फोन केला. मागून लिपिकाचा आवाज येत होता, "भाऊ, दोन्ही नावं सारखेच दिसते. मी मोठे करून पायले. पन कॉम्प्युटर नाही म्हनते, मी काय करू?" माणूस चांगला होता. हताश झाला होता. आत्या मात्र वेगळेच बोलली. म्हणाली, "माह्या नावात अशी काय खोट हाये रे बापू?"

आत्या शाळेत गेलेली नाही. नाव कसे लिहितात ते तिने उतारवयात शिकून घेतले, अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून. त्या नावातच खोट निघाली, असे तिला वाटले.

मी लिपिकाला म्हटले, दोन्ही नावे जशी आहेत तशी कॉपी करून मला पाठवा. पाठवली. मी ती चिन्हा-चिन्हाने उकलली आणि दोन मिनिटांत कळले. आमच्या आडनावात तो अर्धा ऱ आहे. 'वऱ्हाड' शब्दात असतो तोच.

'वऱ्हाड' हाच शब्द घेऊ. कॉम्प्युटरमध्ये तो तीन प्रकारे लिहिता येतो. पहिला प्रकार : ऱ हे नुक्त्याचे स्वतंत्र चिन्ह, त्याला हलंत, मग ह. दुसरा : साधा र, त्याला वेगळा नुक्ता, मग हलंत आणि ह. तिसरा : साधा र, हलंत, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडक चिन्ह, मग ह. पहिल्या प्रकारात चिन्हे सहा, उरलेल्या दोन्हींत सात. डोळ्यांना तिन्ही 'वऱ्हाड'. हे भाषण स्मरणिकेत छापले गेले तर मी तिथे तीन प्रकार एकाखाली एक देऊनही तुम्हाला फरक दाखवू शकणार नाही. तो कागदावर उमटतच नाही.

असे झाले कसे? युनिकोडचा देवनागरीचा तक्ता भारतीय इस्की पद्धतीवरून घेतला गेला. त्यात ऱ ची जागा दक्षिणेतल्या भाषांचा एक उच्चार लिहिण्यासाठी म्हणून आहे आणि त्याचे अर्धे रूप आपण मराठीत वापरतो. त्याआधीच्या जुन्या नियमाप्रमाणे जोडक चिन्हाचे रूपही चालू राहिले. त्यामुळे कुणी एका कीबोर्डवर टाइप करतो तेव्हा पहिले रूप पडते, कुणी जुन्या फॉन्टमधला मजकूर रूपांतर करून घेतो तेव्हा तिसरे. आत्याचे नाव एका ठिकाणी पहिल्या रूपात होते आणि दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या.

दोन नावे सारखी आहेत का, हे डेटाबेस बरोबरच्या चिन्हाने तपासतो. पुस्तिकेत त्या चिन्हापुढे एकच शब्द असतो : समान. समान कशाला म्हणायचे, हे मजकुराचा प्रकार आणि त्याला लावलेले तुलनेचे नियम ठरवतात. पोस्टग्रेसमध्ये मूळच्या मांडणीत बाइट जुळले तर समान, नाहीतर नाही. आत्याचे नाव तिच्या सहीत, शेजाऱ्यांच्या तोंडी आणि लिपिकाच्या डोळ्यांना समान होते. बाइटमध्ये नव्हते.

आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. त्याच्या हस्तलिखित प्रतींतले पाठभेद अभ्यासकांनी शेजारी प्रती ठेवून शोधले, कारण ते डोळ्यांना दिसत होते. आमचे पाठभेद दिसत नाहीत. म्हणून लिपिकाकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता.

लिपिकाने मी सांगितल्याप्रमाणे एका जागचे नाव कॉपी करून दुसऱ्या जागी टाकले, वरिष्ठांची मंजुरी घेतली आणि लाल शेरा गेला. पुढे पैसेही आले. आत्याने फोनवर विचारले, "मंग खोट कोनाची होती?" मी म्हणालो, कीबोर्डची. ते खरे उत्तर नव्हते.

खरे उत्तर आज इथे, माझ्या शिक्षकांसमोर देतो. नोकरीच्या सुरुवातीला नावे जुळवणारा असाच एक प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. आत्याच्या कामातला तो नव्हे, दुसरीकडचा. पुस्तिकेत 'समान' वाचले आणि लिहून टाकला. तपासताना नाव काय घातले? 'टेस्ट', तेही इंग्रजी अक्षरांत. तपासणीत पास. साहेबांनी शाबासकी दिली. त्या प्रोग्रामने 'जुळत नाही' म्हणून किती नावे बाजूला टाकली असतील, ते मला कधी कळले नाही. त्यांच्यापैकी प्रत्येकाला पुण्यात कॉम्प्युटरवाला भाचा असेल असे नाही.

मग मी विचार केला की माझी तपासणी पास का झाली? इंग्रजीत 'अकोला' लिहा. पाच अक्षरे, पाच चिन्हे, पाच बाइट. तिन्ही हिशेब तिथे एकच उत्तर देतात, म्हणून एकक लिहिले नाही तरी गुण कापला जात नाही. पुस्तिकेतली उदाहरणेही बहुतेक अशाच शब्दांची असतात. जिथे सगळे अर्थ एकच उत्तर देतात, ते उदाहरण काहीच तपासत नाही. चूक दिसायला 'मूर्तिजापूर' घालावे लागते, 'वऱ्हाड' घालावे लागते. ही नावे माझी होती, माझ्या गावची होती, आणि मीच ती घातली नाहीत. मला वाटले होते, कॉम्प्युटरचे काम म्हणजे इंग्रजीच.

यावर उपाय काय? पहिला उपाय सगळे सुचवतात : मजकूर एका ठरावीक रूपात आणून मग तुलना करा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ नावाचे फंक्शन आहे. पुस्तिका वाचली की वाटते, प्रश्न मिटला. तो अर्धाच मिटतो. वेगळ्या नुक्त्याचे दुसरे रूप पहिल्यासारखे होते, पण जोडक चिन्हाचे तिसरे रूप जसेच्या तसे राहते. मग कुणी तरी म्हणते, ते न दिसणारे जोडक सरसकट काढून टाका. काही तुलनेचे नियम ते मोजतही नाहीत. पण बाईंनी व्याकरणाच्या तासाला काय शिकवले होते? 'आचार्यांस' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांस' म्हणजे स्वयंपाक्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. तिसऱ्या रूपातले जोडक काढले तर दऱ्यांचा समुद्र होतो आणि आज रोडगे भाजणाऱ्या आचाऱ्यांना आपण आचार्यपद देऊन बसतो. त्यांची तेवढी योग्यता आहे, हे आज सर्वांनी अनुभवले आहे, पण यादीत घोटाळा होईल.

म्हणून मी आता वेगळे करतो. जोडकाचे रूप आधी ऱ च्या रूपात बदलायचे, नंतर नॉर्मलाइझ करायचे आणि मग तुलना. हा नियम कुठल्याही पुस्तिकेत मला तयार मिळाला नाही. तो मराठी येणाऱ्या माणसालाच लिहावा लागतो. शिवाय माझ्याकडे तपासणीच्या नावांची एक वही आहे. तिच्यात अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, तिन्ही रूपांतले वऱ्हाड, दर्या, दऱ्या आणि आत्याचे आडनाव आहे. कुठलेही नवे फंक्शन आले, त्याच्या पुस्तिकेत काहीही लिहिलेले असो, आधी ही वही त्याच्यावरून फिरते. हाताखाली नवीन मुले आली की त्यांनाही पहिल्या दिवशी तेच सांगतो : पुस्तिका नीट वाचा, मग तपासणी आपल्या घरच्या नावाने करा.

आपल्या वर्गातले कुणी शिक्षक आहेत, कुणी बँकेत, कुणी सरकारी कचेरीत, कुणाचे सेवा केंद्र आहे. तुमच्यासाठी एकच विनंती. समोरच्या माणसाचे नाव तुम्हाला बरोबर दिसत असेल आणि स्क्रीन 'जुळत नाही' म्हणत असेल, तर त्याला परत पाठवू नका. मूळ नाव कॉपी करून टाकून बघा. जमत नसेल तर दोन्ही नावे मला पाठवा. माझा नंबर या स्मरणिकेच्या यादीत आहे, आणि तो २१४७४८३६४७ नाही.

जाता जाता या यादीचेही सांगतो. संयोजकांनी गेल्या महिन्यात ती मला तपासायला दिली. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे नाव दोनदा होते, एकदा अमरावतीच्या पत्त्यावर आणि एकदा अकोल्याच्या. आडनावात पुन्हा तोच अर्धा ऱ. त्यामुळे तिला या मेळाव्याची दोन निमंत्रणे गेली. ती आज समोर बसली आहे आणि तिचे म्हणणे आहे की दोन निमंत्रणे आली म्हणून दोन ताटे जेवले. इथे चुकीने कुणाचे नुकसान झाले नाही. सगळीकडे असे होत नाही.

बाईंनी अक्षर मोजायला शिकवले आणि सरांनी एकक लिहायला. तेव्हा दोघांनी गुण कापले, ते योग्यच केले. मी ते उशिरा शिकलो, याबद्दल आज दोघांची क्षमा मागतो.